ऊस : नाम आणि अर्थ
(सं. इक्षु, रसाल, पाली उच्छु, हिं. ईख, ऊख, गन्ना, गु. शेरडी, बं. आख, क. कब्बु, ते. चेरकु, त. करुंबु, लॅ. सॅकॅरम ऑफिसिनेरम व तिचे संकर, कुल–ग्रॅमिनी). गूळ व साखर यांसाठी लागवडीत असलेल्या उंच, पेरेदार आणि रसाळ खोडाच्या गवताचे मराठी नाव. या नावाचे मूळ रूप वैदिक वाङ्मयात आढळते व तेथपासून ते अखंडपणे वापरात आहे. नाव टिकून राहिले असले, तरी त्याने दर्शविली जाणारी वनस्पती मात्र एकच राहिलेली नाही. वेदकालीन इक्षु, दख्खनमधील पुंड्या ऊस आणि आजच्या मळ्यातील संकरित ऊस या वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भिन्न वस्तू होत. उसाच्या नामेतिहासाचे महत्त्व मुख्यतः या विसंगतीत आहे. नावाच्या प्राचीनत्वावरून वस्तूचे प्राचीनत्व ठरविता येत नाही. परंतु त्या वस्तूकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने पाहिले, हे नावांवरून पुष्कळ अंशी कळते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा नेवासे तालुका या दृष्टीने लक्षणीय आहे. या तालुक्यातील सोनई येथे मुळा सहकारी साखर कारखाना असून भेंडे येथेही सहकारी साखर कारखाना आहे. याच तालुक्यातील नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरीची रचना झाली व तीत ऊस आणि साखर हे दोन्ही शब्द एकाच दृष्टांतात आले आहेत. मराठी नावाचा जुना वाङ्मयीन पुरावा आणि उसाच्या आधुनिक व्यवहारातील परिभाषा ही दोन्ही येथे एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

इक्षु : व्युत्पत्ती व प्राचीन अर्थ : इक्षु हा शब्द प्रथम अथर्ववेदात आढळतो. तेथील एका वशीकरणसूक्तात (१·३४) प्रिय व्यक्तीभोवती उसाचे वेष्टन घालण्याची कल्पना असून तिच्या मनात द्वेष राहू नये, अशी इच्छा व्यक्त केली आहे. म्हणजे उपलब्ध पुराव्यात ऊस प्रथम अन्न म्हणून न येता माधुर्याचे प्रतीक असलेली अभिचारवस्तू म्हणून येतो. त्या काळी उसाची लागवड होत होती की तो रानातून आणला जाई, याचा निर्णय या उल्लेखांवरून होत नाही.

याज्ञिक संहितांत याच शब्दाचा एक अगदी वेगळा अर्थ आढळतो. वाजसनेयी संहितेत (२५·१) व तैत्तिरीय संहितेत घोड्याच्या अवयवांच्या गणनेत ‘इक्षु’ म्हणजे पापणीचा केस. उसाची निमुळती, टोकदार पाने आणि पापणीचे केस यांतील साम्यावरून हा अर्थ आला असावा किंवा मुळात हे दोन वेगळे शब्द असावेत. पुढील संस्कृतात हा अर्थ मागे पडला.

परंपरागत व्याकरणात इक्षु हा शब्द ‘इष्’ (इच्छिणे) या धातूपासून साधतात. त्यानुसार त्याचा अर्थ ‘इच्छिला जाणारा’ असा होतो. आधुनिक भाषाविद ही व्युत्पत्ती निर्णायक मानीत नाहीत. धातूपासून अर्थ काढण्याची ही रीत त्या शब्दाचा इतिहास सांगण्यापेक्षा तो शब्द वापरणाऱ्यांची त्या वस्तूविषयीची भावना अधिक सांगते.

इक्ष्वाकू हे सूर्यवंशाच्या मूळपुरुषाचे नाव या शब्दाशी निगडित मानले जाते. त्याच्या उपपत्ती मात्र परस्परविरोधी आहेत. विष्णुपुराणात मनूच्या शिंकेतून (क्षु) त्याचा जन्म झाल्याचे म्हटले आहे. बौद्धांच्या एका परंपरेत उसाच्या मळ्यात जन्मल्यामुळे हे नाव पडले, अशी कथा आहे. जैन परंपरेत ऋषभदेवांच्या वंशाचे नाव उसाशी जोडले असून त्यांच्या दीर्घ उपोषणाचे पारणे हस्तिनापुरास उसाच्या रसाने झाले, असे मानतात; अक्षय्य तृतीयेच्या जैन आचाराचे मूळ त्या प्रसंगात आहे. याउलट आयुर्वेदात ‘इक्ष्वाकु’ म्हणजे कडू भोपळा. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनकारक द्रव्य म्हणून त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. गोड वनस्पतीच्या नावाशी सदृश असलेले नाव अत्यंत कडू फळास मिळावे, हे नामसादृश्यावरून गुण ठरविणाऱ्यास सावध करणारे उदाहरण होय.

इक्षु हे पद पूर्वपदी असलेली नावेही नेहमी उसाचीच असतात, असे नाही. ‘इक्षुगंधा’ या एका नावाने काश, कोकिलाक्ष (तालिमखाना) व विदारीकंद अशा निरनिराळ्या वनस्पतींचा निर्देश होतो. उलट ‘रसाल’ हे अमरकोशात उसाचे नाव आहे आणि आंब्याचेही. निघंटूंतील वनस्पतिनावे पुष्कळदा एखादा गुण दाखवितात, जाती दाखवीत नाहीत. म्हणून औषधाच्या पाठातील शब्दाचा अर्थ संदर्भ पाहूनच लावावा लागतो. ही अडचण केवळ कोशकारांची नसून वैद्याने चुकीची वनस्पती योजिल्यास तिचे परिणाम रोग्यास भोगावे लागतात.

आयुर्वेदाने उसाचे स्थान गवतांत ठेवले आहे. कुश, काश, शर, दर्भ आणि ऊस यांच्या मुळांना मिळून ‘तृणपंचमूळ’ म्हणतात व ते मूत्रल म्हणून वापरतात. पुराणांच्या भूवर्णनात सात समुद्रांपैकी एक समुद्र इक्षुरसाचा आहे, तर काव्यात कामदेवाचे धनुष्य उसाचे मानून त्यास ‘इक्षुधन्वा’ म्हटले आहे.

इक्षु ते ऊस : संस्कृतमधील ‘क्ष’ या जोडाक्षराचे प्राकृतांत दोन प्रकारचे रूपांतर झाले : काही ठिकाणी ‘क्ख’ व काही ठिकाणी ‘च्छ’. हिंदी ईख वा ऊख ही रूपे पहिल्या प्रकारातून आली; मराठी ऊस हे दुसऱ्या प्रकारातून आले. महाराष्ट्री प्राकृतात इक्षूचे ‘उच्छु’ असे रूप होते. आद्य इकाराचा उकार होतो, असा नियम हेमचंद्राने (१०८८–११७२) आपल्या प्राकृत व्याकरणात दिला आहे. शेवटच्या उकाराच्या सान्निध्याने पहिला स्वरही बदलला, असे याचे स्पष्टीकरण देता येते. पुढे मराठीत प्राकृत ‘च्छ’चा ‘स’ किंवा ‘श’ झाला आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. उच्छु–ऊस हा बदल एकाकी नाही. कुक्षि–कुच्छि–कूस, मक्षिका–मच्छिआ–माशी, क्षेत्र–छेत्त–शेत आणि क्षुरिका–छुरिआ–सुरी ही त्याचीच भावंडे होत. हिंदीतील कोख, मक्खी व खेत या शब्दांशी त्यांची तुलना केली असता दोन भाषांच्या वाटा कोठे वेगळ्या झाल्या, हे स्पष्ट दिसते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ‘ऊस’ हा शब्द मराठीने उत्तरेकडून उसना घेतलेला नाही किंवा संस्कृत ग्रंथांतून नव्याने उचललेला नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला तद्भव शब्द आहे. ज्या वस्तूचा रोजच्या जीवनाशी संबंध नसतो, तिचे नाव सहसा असे घडत नाही. हालाच्या गाहा सत्तसई या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात रस काढणाऱ्या यंत्राचा व गुळाचा उल्लेख येतो. तो भाषिक अनुमानाला पूरक आहे.

ज्ञानेश्वरीत ‘ऊंस’ असे सानुनासिक रूप आढळते. आठव्या अध्यायात ब्रह्मपदास पोहोचलेला पुरुष पुनर्जन्मास येत नाही, हे सांगताना साखर झाल्यावर कितीही बुद्धी खर्च केली तरी तिचा पुन्हा ऊस करता येत नाही, असा दृष्टांत दिला आहे. तत्त्वज्ञानाचा हा सिद्धांत श्रोत्यांस पटावयाचा, तर उसापासून साखर होण्याची क्रिया त्यांच्या परिचयाची असणे आवश्यक होते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांनी वाकड्या उसाचा रस वाकडा नसतो, या दृष्टांताने जन्माने हीन ठरविलेल्या मनुष्याच्या अंतःकरणाची बाजू मांडली. शेतातील एका साध्या निरीक्षणाला येथे सामाजिक अर्थ प्राप्त झाला आहे.

संस्कृतमधील ‘ऊषर’ (खारवट, नापीक जमीन) या शब्दाशी ऊस या शब्दाचा काही संबंध नाही. कालव्याच्या पाण्यावरील उसाने, निचऱ्याअभावी, पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ जमिनी खारवट व चोपण झाल्या हे खरे. तथापि दोन शब्दांतील ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग होय.

पुंड्र आणि पुंड्या : सुश्रुतसंहितेत उसाचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पौंड्रक, भीरुक, वंशक, कांतार, तापसेक्षु, सूचिपत्रक, नैपाल, दीर्घपत्र, नीलपोर इत्यादींचा समावेश होतो. यांतील काही नावे रंगावरून, काही पानांवरून व काही प्रदेशावरून पडलेली आहेत. अमरकोशातही उसाचे भेद म्हणून पुंड्र व कांतारक यांचा निर्देश आहे.

‘पुंड्र’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. तो प्राचीन पूर्व भारतातील एका जनसमूहाचे नाव होता व त्यांच्या प्रदेशातील पुंड्रवर्धन हे नगर आजच्या बांगला देशातील महास्थानगड येथे होते. उसाच्या एका प्रकाराचे ते नाव आहे. शिवाय कपाळावरील सांप्रदायिक खूण असाही त्याचा अर्थ असून ऊर्ध्वपुंड्र व त्रिपुंड्र हे शब्द त्यावरून झाले. लोकांवरून उसास नाव मिळाले, असे सामान्यतः मानतात. याच पूर्व प्रदेशातील ‘गौड’ या देशनामाचा संबंध ‘गुड’ (गूळ) या शब्दाशी लावला जातो. या दोन नावांवरून पूर्व भारत हा ऊस व गूळ यांसाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश असावा, असे अनुमान करतात.

उत्तर भारतातील ‘पौंडा’ आणि दख्खनमधील ‘पुंड्या’ ही नावे याच शब्दाची रूपे होत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात पुंड्या हाच प्रमुख ऊस होता. तो जाड, मऊ व रसाळ असून चावून खाण्यास व गुळास चांगला होता. परंतु त्यास भरपूर पाणी व खत लागे. सुश्रुताचा पौंड्रक आणि दख्खनचा पुंड्या एकच, असे समजण्याचा मोह होतो; तथापि नावाखेरीज त्यास आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटावरून पसरलेला जाड ऊस मॉरिशसमार्गे भारतात आला व कर्नल स्लीमन यांनी तो जबलपूर भागात लावला. अशा नवागत जाड उसांनाही जुनी नावे चिकटली. जाड व गोड उसासाठी भाषेत एक नाव तयार होते. नवी वस्तू त्या नावाच्या जागी येऊन बसली.

रसापासून झालेल्या पदार्थांची नावे : उसाचे स्वतःचे नाव भारतीय भाषांपुरते मर्यादित राहिले, परंतु त्याच्या पदार्थांची नावे जगभर गेली. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा या पाच पदार्थांना मिळून ‘क्षारवर्ग’ म्हटले आहे. येथे क्षार म्हणजे खारट पदार्थ नव्हे, हे लक्षात घ्यावे लागते. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक. गुड म्हणजे गोळा, त्यावरून गूळ. मत्स्यंडिका म्हणजे माशांच्या अंड्यांसारखी रवाळ साखर. खंड म्हणजे तुकडा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४·४·१०३) गुड हा शब्द असून टीकाकारांनी त्यावर गुळास योग्य अशा उसाचे उदाहरण दिले आहे.

शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ खडे किंवा वाळूचे कण असा आहे. गोड पदार्थाचे कण तसे दिसल्याने त्यास हे नाव मिळाले. आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांसही शर्करा म्हणतात. प्राकृत सक्करा यापासून मराठी ‘साखर’ हा शब्द झाला. भारताबाहेर त्याची ग्रीकमध्ये साक्खरोन, फार्सीत शकर, अरबीत सुक्कर, इटालियनमध्ये झुक्केरो, फ्रेंचमध्ये स्यूक्र व इंग्रजीत शुगर अशी रूपे झाली. मलयाळम्‌मधील चक्कर या त्याच्या रूपावरून पोर्तुगीजांनी ‘जागरा’ हा शब्द घेतला व त्यावरून इंग्रजीत गुळास जॅगरी हे नाव पडले. अशा रीतीने एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपे इंग्रजीत दोन वेगळ्या पदार्थांची नावे झाली आहेत.

खंड या शब्दाचा प्रवास आणखी लक्षणीय आहे. फार्सी व अरबीत त्याचे ‘कंद’ (साखर) असे रूप झाले आणि तेथून ते युरोपात जाऊन इंग्रजीत कँडी झाले. फार्सीतील हाच कंद ‘गुलकंद’ या शब्दातून मराठीत परत आला. गुलकंदात गुलाब व साखर असते, मूळ किंवा गड्डा नसतो. तरीही संस्कृत कंद (गड्डा) या शब्दाशी असलेल्या साम्यामुळे त्याचा मूळ अर्थ झाकला गेला आहे.

चीनच्या इतिहासग्रंथांनुसार इ. स. ६४७ मध्ये थांग सम्राट ताइ-त्सुंग याने साखर करण्याची कृती शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठविली. पुढे उत्तर भारतात पांढऱ्या साखरेस ‘चिनी’ आणि खडीसाखरेस मिस्र (ईजिप्त) देशावरून ‘मिश्री’ अशी नावे रूढ झाली. ज्या देशाने कृती शिकविली, त्यानेच पुढे परदेशाच्या नावाने तो पदार्थ ओळखावा, असे येथे घडले. मराठीने मात्र नेहमीच्या साखरेसाठी जुनाच शब्द राखला. [→ गूळ, साखर].

शास्त्रीय नाव व त्याचा अर्थ : अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस याने भारतात मधमाश्यांवाचून मध देणारे वेत आहेत, असे म्हटल्याचा उल्लेख स्ट्रेबोने केला आहे. इ. स. पहिल्या शतकातील डायोस्कॉरिडीझ याने साखरेचे वर्णन घट्ट झालेला मध असे केले व तिचे औषधी उपयोग सांगितले. युरोपात दीर्घकाळ साखर औषधविक्रेत्यांकडे मिळे. लिनीअस याने १७५३ मध्ये उसास सॅकॅरम ऑफिसिनेरम हे नाव दिले, त्यातील पहिले पद शर्करा या शब्दाचेच वंशज आहे, तर दुसऱ्याचा अर्थ ‘औषधशाळांचा’ असा आहे. जगातील एक प्रमुख अन्नपीक आजही शास्त्रीय नावात औषध म्हणून नोंदलेले आहे.

हे लिनीअसचे नाव ज्या जाड, मऊ व गोड उसास लागू पडते, त्याचे मूलस्थान न्यू गिनी व त्याच्या आसपासचा प्रदेश मानतात. तेथून तो आग्नेय आशियात पसरला व सॅ. स्पाँटेनियम म्हणजे काश या रानटी गवताशी त्याचा नैसर्गिक संकर होऊन उत्तर भारतातील बारीक व काटक ऊस निर्माण झाले. ते सॅ. बार्बेरी या नावाने ओळखले जातात. कोईमतूर येथील ऊसतज्ञ सी. ए. बार्बर यांच्यावरून येस्विट यांनी हे नाव दिले. म्हणून भारतात ऊस उगम पावला, हे विधान लिनीअसच्या उसापुरते खरे नाही; परंतु रस आटवून स्फटिकरूप साखर करण्याची विद्या भारतात विकसित झाली, यास शब्दांचा व ग्रंथांचा भक्कम आधार आहे. ही दोन विधाने लोकप्रिय लेखनात नेहमी एकत्र केली जातात. तमिळ संघम् वाङ्मयातील पुरनानूरु या संग्रहात अदियमान या राजाच्या पूर्वजांनी ऊस दुरून आणल्याची स्मृती नोंदलेली आहे.

क्रमांकांची नावे : १९१२ मध्ये कोईमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. बार्बर व टी. एस. वेंकटरामन यांनी जाड ऊस व काश यांचा हेतुपूर्वक संकर केला आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ हा वाण प्रसृत झाला. ‘को’ हे कोईमतूरचे संक्षिप्त रूप होय. तेव्हापासून उसाच्या नावात रंग, पान किंवा प्रदेश यांची जागा केंद्राचे आद्याक्षर व क्रमांक यांनी घेतली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. जावातील पीओजे २८७८ व को २९० यांच्या संकरातून निघालेल्या को ४१९ या वाणाने पुंड्यास मागे टाकले. त्यानंतर को ७४० रूढ झाला.

अहमदनगर जिल्ह्यात या बदलास कालव्यांची व कारखान्यांची जोड मिळाली. प्रवरा नदीवर भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. हरेगाव येथील बेलापूर कंपनीसारखे खाजगी कारखाने प्रथम आले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे सहकारी कारखाना उभा राहून १९५०–५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. राहुरी तालुक्यातील मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने नेवासे तालुक्यात पाणी आले आणि सोनई परिसर ऊसक्षेत्र बनला. एकेकाळी ज्वारी-बाजरीचा मानला जाणारा हा भाग पुढे मुख्यतः उसाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

क्रमांकांवर शेतकऱ्यांचे समाधान झाले नाही, असे पुढील इतिहासावरून दिसते. अनेक वाणांना क्रमांकाबरोबर नावेही देण्यात आली : को ७२१९ ‘संजीवनी’, कोएम ७१२५ ‘संपदा’, कोसी ६७१ ‘वसंत १’, को ८०१४ ‘महालक्ष्मी’, को ८६०३२ ‘नीरा’, को ९४०१२ ‘फुले सावित्री’, कोएम ०२६५ ‘फुले २६५’. ‘फुले’ हे पद राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९६८) द्योतक आहे. व्यवहारात ही नावे आणखी आखूड होऊन शहाऐंशी-बत्तीस किंवा दोनशे पासष्ट असे नुसते आकडे बोलले जातात. जुन्या नावांत वनस्पतीचे रूप सांगितलेले असे. या नावांत संस्था, समृद्धी किंवा आदरणीय व्यक्ती सांगितलेली असते. साखरेचा उतारा, पक्वतेचा काळ व रोगप्रतिकार ही माहिती नावाऐवजी शिफारसपत्रकात असते.

शेतातील व फडातील शब्द : लागवडीच्या काळावरून उसाचे सुरू, पूर्वहंगामी व आडसाली असे प्रकार करतात. आडसाली ऊस पावसाळ्यात लावून सुमारे दीड वर्षाने तोडला जातो. वर्षाची आड त्यात पडते म्हणून हे नाव. तोडलेल्या उसाच्या बुडख्यापासून पुन्हा वाढणारे पीक म्हणजे खोडवा व त्यानंतरचे निडवा. बेणे, कांडे, पेर, डोळा, वाढे व पाचट हे शब्द उसाच्या भागांचे आहेत. यांतील ‘कांडे’ संस्कृत कांड या शब्दापासून आलेला आहे. गुऱ्हाळाच्या शब्दसंग्रहातील चरक, काहील, चुलवाण, गुळव्या व ढेप या शब्दांपैकी बरेच कारखान्यांच्या प्रसारानंतर मागे पडले. त्यांची जागा गाळप, उतारा, मळी व पहिली उचल या शब्दांनी घेतली. २००९–१० पासून ‘रास्त व किफायतशीर दर’ या वैधानिक संज्ञेची आद्याक्षरे ‘एफआरपी’ हीही ग्रामीण मराठीचा भाग झाली आहेत.

तोडणीच्या परिभाषेत अर्थांतराचे एक बोलके उदाहरण आहे. ‘कोयता’ हे मूळचे हत्याराचे नाव. परंतु ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे तोडणीस येणारे मजुरांचे जोडपे, बहुधा पती व पत्नी. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ गणला जातो. बीड जिल्ह्यातून व पाथर्डी, शेवगाव यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून ही जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन हंगामापुरती कारखान्यांच्या परिसरात येतात आणि फडाजवळ कोप्या करून राहतात. टोळीचा आकार कोयत्यांच्या संख्येने सांगतात. व्यवहार व हिशेब बहुधा पुरुषाच्या नावे होत असल्यामुळे जोडीतील स्त्रीचे काम या शब्दात वेगळे दिसत नाही. मोळ्या बांधणे व वाहणे ही तिची कामे अर्ध्या हत्याराच्या अंशात गणली जातात. उसाशी संबंधित शब्दांत मनुष्याचा निर्देश करणारा सर्वांत रूढ शब्द हत्याराचा असावा, ही बाब समाजेतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षिता येणारी नाही.

लाक्षणिक अर्थ : ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, ही म्हण दुसऱ्याच्या चांगुलपणाचा अतिरेकी लाभ घेऊ नये, असे सांगते. साखर पेरणे म्हणजे गोड बोलून काम साधणे. गुळपीठ जमणे म्हणजे घट्ट सख्य होणे. विवाह ठरल्याच्या विधीस साखरपुडा म्हणतात. तुळशीच्या लग्नात उसाचा मांडव करतात व संक्रांतीच्या सुगडांत उसाचे तुकडे घालतात. अलीकडे ‘साखर वाढली’ या वाक्प्रयोगाचा अर्थ बाजारभावाशी नव्हे, तर रक्तातील शर्करेच्या प्रमाणाशी लावला जातो. मळीपासून व रसापासून इथेनॉल होऊ लागल्याने ऊस हे इंधनपीक आहे, असा आणखी एक अर्थ त्यास प्राप्त झाला आहे.

समारोप : ऊस या नावाच्या इतिहासात तीन स्तर वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिला शब्दाचा : इक्षु–उच्छु–ऊस ही परंपरा सलग असून तीत तुटलेला दुवा नाही. दुसरा वनस्पतीचा : येथे सलगता नाही; न्यू गिनीतील गवत, भारतातील काश, ताहिती व जावा येथील ऊस आणि कोईमतूर व पाडेगाव येथील संकर यांतून आजचा ऊस तयार झाला आहे. तिसरा व्यवहाराचा : मंत्रातील वस्तू, औषध, गुळाचे साधन, कारखान्याचा कच्चा माल व इंधन असे उसाचे अर्थ एकामागून एक रूढ झाले आणि जुने अर्थ पूर्णपणे नाहीसेही झाले नाहीत. पहिल्या स्तराचा पुरावा दुसऱ्यास लावल्याने उगमाविषयीचे निराधार दावे निर्माण होतात. तिसऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने नावामागील श्रम अदृश्य होतात. सोनई परिसरातील मळ्यात उभा असलेला ऊस ज्ञानेश्वरीतील ऊस नव्हे. मात्र त्यास हाक मारण्याचा शब्द, एका अनुस्वाराचा फरक सोडल्यास, तोच आहे.